दोष दूर करणे आणि दोष निकाली काढणे

१

भारतीय भाषांतील हस्तलिखिते, जुनी नियतकालिके आणि शब्दसंग्रह आता मोठ्या प्रमाणावर संगणकीय संग्रहांत साठविले जात आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांचे दैनंदिन संशोधन अशा एखाद्या संग्रहावाचून चालेनासे झाले आहे. हे संग्रह ज्या यंत्रांत राहतात त्यांच्याकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. ग्रंथालयाच्या कपाटाला वाळवी लागली तर आपण अस्वस्थ होतो. सर्व्हरवर पिवळा दिवा लागला तर तो आपला विषय नव्हे असे मानतो. प्रस्तुत लेखात या यंत्रांच्या देखभालीतील एकाच, वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीचा विचार करावयाचा आहे. बिघडलेला भाग बदलून झाल्यावर यंत्राच्या स्मरणात उरलेली दोषाची नोंद निकाली काढणे, ही ती कृती. तंत्रज्ञांच्या बोलीत तिला ‘फॉल्ट क्लिअर करणे’ म्हणतात.

या विषयाकडे मी वळलो तो एका अनुभवामुळे. काही वर्षांपूर्वी मी अभ्यागत प्राध्यापक म्हणून जेथे काम करीत होतो तेथे एका हस्तलिखित-समूहाच्या पाठभेदांची नोंदणी चालू होती. ज्या सर्व्हरवर ही नोंदणी साठविली जाई त्याचा एक पंखा बिघडला आणि तो त्याच दिवशी बदलण्यात आला. परंतु पुढील बाजूचा पिवळा दिवा विझला नाही. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “पंखा बदललाय, सर. दिवा नुसता राहिला आहे.” यानंतर चार महिने तो दिवा ‘नुसता’ राहिला. मधल्या काळात यंत्राच्या दोन वीजपुरवठा-संचांपैकी एक निकामी झाला. त्याही वेळी तोच दिवा लागावयाचा होता. पण तो आधीच लागलेला असल्याने नवे काही कोणाला दिसले नाही. पुढे दुरुस्तीसाठी विजेची एक वाहिनी बंद करण्यात आली, दुसरी वाहिनी आहेच या विश्वासाने. ती दुसरी वाहिनी नेमकी मृत संचाला जोडलेली होती. यंत्र चालू कामातच बंद पडले, नोंदींची फाइल खराब झाली, आणि सुरक्षित प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघाली. चार जणांनी तीन आठवडे केलेली पाठचिकित्सा पुन्हा करावी लागली.

या प्रसंगात पंख्याचा दोष दूर झाला होता. तो निकाली काढण्यात आला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी ही मुख्यतः भाषेच्या क्षेत्रातील कृती आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम यंत्राची रचना थोडक्यात पाहू. सर्व्हर हा घरगुती संगणकासारखा मेजावर ठेवला जात नाही. १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत, म्हणजे रॅकमध्ये, सपाट पेटीसारखे सर्व्हर एकावर एक बसविलेले असतात. त्यांची उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच, अथवा ४४.४५ मिलिमीटर. पंखे, चकत्या आणि वीजपुरवठा-संच हे भाग बहुधा यंत्र चालू असतानाच काढता-घालता येतात. स्मृतिपट्टी किंवा मुख्य फलक बदलावयाचा तर यंत्र बंद करून विजेची दोरी काढावी लागते.

या पेटीत एक दुसरा, लहानसा संगणकही असतो. त्याला सर्व्हिस प्रोसेसर म्हणतात. मुख्य संगणक बंद असला तरी, विजेची दोरी जोडलेली आहे तोवर, हा जागा असतो. तापमान, पंख्यांची गती, विजेचा दाब, स्मृतिपट्ट्यांची प्रकृती यांवर लक्ष ठेवणे आणि जे आढळेल ते लिहून ठेवणे हे त्याचे काम. निरनिराळ्या कारखानदारांच्या यंत्रांशी असा संवाद एकाच पद्धतीने व्हावा म्हणून १९९८ साली ‘आयपीएमआय’ नावाचा सामाईक संकेत प्रसिद्ध झाला. दोषांच्या नोंदी कशा ठेवाव्या आणि कशा मिटवाव्या याची पद्धत मात्र प्रत्येक घराण्याची वेगळी राहिली. येथे मी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने घडविलेली आणि २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतल्यानंतर पुढे चालू राहिलेली पद्धत उदाहरणादाखल घेतो. २००५ साली आलेल्या सोलारिस १० या प्रणालीत दोषव्यवस्थापनाची एक सुसंगत परिभाषा प्रथमच मांडण्यात आली, आणि ती परिभाषा भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे.

यंत्राच्या पुढील बाजूस तीन दिवे असतात. हिरवा म्हणजे यंत्र चालू आहे. पांढरा दुरून आज्ञा देऊन लुकलुकविता येतो; चाळीस सारख्या पेट्यांतून नेमकी कोणती उघडावयाची हे तो सांगतो. तिसरा पिवळा. त्याचा अर्थ एवढाच की, निकाली न निघालेला किमान एक दोष नोंदलेला आहे. दोष एक असो वा पाच, दिवा एकच. वर सांगितलेल्या प्रसंगाचे मूळ येथेच आहे: ज्या चिन्हाला एकच अर्थ सांगता येतो ते चिन्ह जुन्या अर्थापासून मोकळे केल्याशिवाय नवा अर्थ सांगू शकत नाही.

३

‘दोष’ हा शब्द आतापर्यंत मी सैलपणे वापरला. या परिभाषेत दोन संकल्पना काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. जे प्रत्यक्ष आढळते ती त्रुटी. त्रुटींवरून ज्याचे अनुमान केले जाते तो दोष. स्मृतिपट्टीतून वाचलेला एखादा अंक चुकीचा निघाला ही त्रुटी झाली. पट्टीतील एखादा कण झिजला आहे हा दोष. तो कोणी पाहिलेला नसतो, तो त्रुटींच्या मागे असावा असे ठरविले जाते.

ग्रंथसंपादनाच्या अभ्यासकाला हा भेद परका नाही. एखाद्या पोथीतील अपपाठ आपल्याला दिसतो. पण तो त्या लेखनिकाच्या नजरचुकीचा की त्याच्यासमोरील मूळ प्रतीतच असलेला, हे अनेक पोथ्या ताडून ठरवावे लागते. तोच अपपाठ पाच पोथ्यांत आढळला तर पाच लेखनिकांना दोष न देता आपण त्यांच्या सामाईक पूर्वज-प्रतीकडे बोट दाखवितो. यंत्रातील निदान-व्यवस्था नेमके हेच करते.

त्रुटी सापडते तरी कशी, हाही प्रश्न मनोरंजक आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी सुट्टीच्या दिवसांत लावून ठेवलेली गणिते यंत्र चूक आढळताच टाकून देई. चूक झाली हे यंत्राला कळते तर ती कोठे झाली हे त्याला का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेली संकेतपद्धती जन्मास आली. मूळ मजकुरासोबत काही जादा अंक अशा रीतीने साठवावयाचे की एक अंक बिघडला तर तो कोणता हे गणिताने सांगता यावे. सर्व्हरच्या स्मृतीत दीर्घकाळ रूढ असलेल्या रचनेत ६४ बिटांमागे ८ जादा बिटे असतात. एक बिट चुकल्यास ते सुधारले जाते आणि दोन चुकल्यास निदान चूक झाली आहे हे कळते. आपल्याकडे वेदपठणाच्या विकृतींमागे हेच तत्त्व होते. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे असा पदांचा क्रम लावला की एका पदातील स्खलन शेजारच्या आवृत्तीशी विसंगत ठरून उघडे पडते. पुनरुक्ती हा काव्यात दोष मानला जातो. रक्षणाच्या शास्त्रात ती गुण ठरते.

सुधारता आलेली एक त्रुटी म्हणजे दोष नव्हे. एखादा बिट कधीतरी उलटणे स्वाभाविक आहे, आणि त्यासाठी पट्टी फेकून देणे हा उतावीळपणा होईल. म्हणून ठरावीक काळात त्रुटींची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच निदान-व्यवस्था दोष जाहीर करते. त्या वेळी ती एक प्रकरण उघडते. त्याला ३६ चिन्हांचा ओळखक्रमांक मिळतो, आणि त्यात संशयितांची यादी लिहिली जाते: अमुक पट्टी शंभर टक्के; किंवा अमुक पट्टी पन्नास टक्के आणि तिला जोडणारा प्रोसेसर पन्नास टक्के. ‘संशयित’ हा शब्द माझा अलंकार नव्हे. मूळ परिभाषेतच तो आहे.

४

आता दुरुस्तीनंतरच्या क्षणाकडे येऊ. तंत्रज्ञाने नवी पट्टी बसविली, झाकण लावले, वीज जोडली. दोष गेला. परंतु प्रकरण अजून उघडे आहे. ते मिटते दोन मार्गांनी.

पहिला मार्ग यंत्राच्या स्वतःच्या ज्ञानाचा. अनेक भागांत एक चिमुकली ओळखस्मृती असते. तीत भागाचा प्रकार आणि त्याचा अनुक्रमांक कोरलेला असतो. सर्व्हिस प्रोसेसर जागा होताच तो हे क्रमांक वाचतो. ज्या क्रमांकावर संशय होता तो जागेवर नाही, दुसराच आहे, असे दिसले की तो आपण होऊन प्रकरण मिटवितो आणि दिवा विझतो. येथे माणसाच्या शब्दाची गरज पडत नाही.

दुसरा मार्ग साक्षीचा. ज्या भागात अशी ओळखस्मृती नाही तो बदलला गेला हे यंत्राला कळण्याचा मार्गच नसतो. आमचा पंखा असाच होता. कालचा पंखा आणि आजचा पंखा यंत्राच्या दृष्टीने एकच. तसेच, भाग न बदलता केलेली दुरुस्ती, म्हणजे सैल झालेली पट्टी काढून नीट बसविणे किंवा हवेच्या मार्गातील अडथळा दूर करणे, हीही क्रमांकावरून कळणारी नव्हे. अशा वेळी माणसाने यंत्राला सांगावे लागते, आणि यंत्र ते खरे मानते. सर्व्हिस प्रोसेसरच्या आज्ञाभाषेत त्या भागाच्या नावापुढे ‘क्लिअर फॉल्ट ॲक्शन’ हा गुण ‘ट्रू’, म्हणजे ‘सत्य’, असा लिहावयाचा असतो. कृती करण्याची आज्ञा येथे एका विधानाच्या सत्यत्वाच्या रूपात दिली जाते, हे लक्षणीय आहे.

सोलारिसच्या परिभाषेत हे सांगण्यासाठी तीन स्वतंत्र क्रियापदे ठेवलेली आहेत: ‘रिपेअर्ड’, ‘रिप्लेस्ड’ आणि ‘अक्विट’. पहिल्याचा अर्थ, हा भाग तोच आहे पण दुरुस्त केला आहे. दुसऱ्याचा अर्थ, हा भाग बदलला आहे. बदल यंत्राला स्वतः ओळखता येत नसेल तेव्हा हे सांगावयाचे. तिसऱ्याचा अर्थ अगदी निराळा आहे: या भागावर संशय घेणेच चुकीचे होते, त्याला दोषमुक्त करावे. तिन्ही आज्ञांनी पिवळा दिवा विझू शकतो, म्हणून घाईत असलेल्या माणसाला त्या समानार्थी वाटतात. पण त्या समानार्थी नाहीत. दुरुस्त केलेल्या भागाला ‘दोषमुक्त’ म्हटले तर निदान चुकले होते असा खोटा इतिहास नोंदला जातो; आणि ज्यावर संशयच चुकीचा होता त्याला ‘बदलले’ म्हटले तर खरा दोषी शेजारच्या खाचेत सुखाने नांदत राहतो.

मराठीत या तिन्हींसाठी ‘दोष काढून टाकला’ असे एकच सैल वाक्य वापरण्याची सवय आपल्याला लागत आहे. वस्तुतः दुरुस्त करणे, बदलणे आणि दोषमुक्त करणे ही तीन स्वच्छ क्रियापदे आपल्याजवळ आहेत, आणि तिन्हींनंतर येणाऱ्या समाप्तीसाठी ‘निकाली काढणे’ हा कचेरीतला शब्दही आहे. या शब्दाची दुहेरी छटा येथे उपयोगीच पडते. प्रकरण निकाली काढणे म्हणजे न्याय करणे, आणि प्रसंगी केवळ मेजावरून हलविणे. सर्व्हरच्या खोलीत दोन्ही घडते.

५

जबाबदार तंत्रज्ञ काय करतो ते क्रमाने सांगतो. यंत्राला हात लावण्यापूर्वी तो सर्व्हिस प्रोसेसरकडून उघड्या दोषांची यादी मागवितो आणि प्रकरणाचा क्रमांक, भागाची जागा, अनुक्रमांक व वेळ उतरवून घेतो. हे आधीच करावयाचे असते; भाग बदलल्यावर यादी आपोआप रिकामी झाली तर काय होते हे सांगणारे मग सोयीचे काही उरत नाही. पुढे तो पांढरा दिवा लावून पेटी निश्चित करतो, स्थिर विजेपासून बचावासाठी मनगटाला पट्टा बांधतो आणि भाग बदलतो. काही यंत्रांत दोरी काढल्यानंतरही मुख्य फलकावरील एक बटण दाबल्यास साठलेल्या थोड्या विद्युतभारावर संशयित पट्टीशेजारचा दिवा काही काळ उजळतो. अनेक सारख्या पट्ट्यांतून चुकीची उपटली जाऊ नये म्हणून ही सोय.

वीज परत दिल्यावर तो पुन्हा यादी मागवितो. नोंद आपोआप गेली असेल तर काम झाले. राहिली असेल तर तो आधी स्वतःला विचारतो: ही का राहिली? भागाला ओळखस्मृती नाही म्हणून, की दोष खरोखरच शिल्लक आहे म्हणून? पहिले उत्तर निश्चित झाल्यावरच तो हाताने नोंद निकाली काढतो. मग यंत्रावर कामाचा भार टाकून काही काळ लक्ष ठेवतो. तीच त्रुटी त्याच खाचेतून पुन्हा आली तर नव्या पट्टीला दोष देण्याआधी संशयितांच्या यादीतील दुसऱ्या नावाकडे पाहावयाचे असते.

यात दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे घटनांची नोंदवही पुसणे म्हणजे दोष निकाली काढणे असे समजणे. घटनांची वही आणि उघड्या दोषांची यादी या वेगळ्या गोष्टी आहेत. वही कोरी केली तरी यादी तशीच राहते, मात्र निदानाचा पुरावा नाहीसा होतो. दुसरी चूक जुन्या यंत्रांतील. २००५च्या सुमारास आलेल्या टी २००० या यंत्रात दोषाची नोंद सर्व्हिस प्रोसेसरकडे आणि मुख्य प्रणालीकडे अशी दोन ठिकाणी राहत असे. पहिली मिटवूनही दुसरी उरल्यास यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना, नसलेल्या दोषाची हाकाटी करी. तेथे दोन्हीकडे जाऊन सांगावे लागे. एका वहीतली दुरुस्ती दुसऱ्या वहीत न उतरणे हा अनुभव शुद्धिपत्र छापूनही पुढील आवृत्तीत तीच चूक पाहणाऱ्या लेखकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याउलट टोकाचा प्रमादही आहे, आणि तो अधिक गंभीर आहे: काहीच दुरुस्त न करता नोंद मिटविणे. भाग मिळावयास उशीर आहे, वरिष्ठ भेटीस येणार आहेत, दिवा डोळ्यांत खुपतो आहे. एक आज्ञा दिली की दिवा विझतो. यंत्र हरकत घेत नाही, कारण त्याच्याजवळ साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचे साधन नाही. त्रुटी पुन्हा मर्यादा ओलांडेपर्यंत ते गप्प राहील, आणि त्या अवधीत त्या पट्टीवरून जाणारा मजकूर कोणाच्याही संशयाविना जात राहील. न मिटविलेली नोंद माणसाला बेफिकीर करते, खोटी मिटविलेली नोंद त्याला निश्चिंत करते. दोहोंचा परिणाम एकच: पिवळ्या दिव्याचा शब्द खोटा पडतो.

६

शेवटी एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. निकाली काढणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. वर वर्णिलेल्या व्यवस्थेत प्रकरण मिटले तरी त्याची हकीकत दप्तरात राहते; दोष केव्हा आढळला, केव्हा दुरुस्त झाल्याचे सांगितले गेले आणि केव्हा त्याचे निराकरण पूर्ण झाले, या तीन निरनिराळ्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या जातात. मिटते ती तक्रार, स्मृती नव्हे. दुरुस्त झाले आणि निराकरण झाले या दोन नोंदी वेगळ्या ठेवण्यातला विवेक विशेष पाहण्यासारखा आहे: पहिली सांगण्याची, दुसरी त्या सांगण्यानुसार सर्व संशयित पुन्हा कामावर रुजू झाल्याची.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिलेली आहे, आणि त्याज्य ठरलेले पाठ पानाच्या तळाशी राखलेले आहेत. संपादकांनी निर्णय दिला. पण निर्णयापूर्वीचा संशय लपविला नाही. म्हणूनच तो निर्णय पुढच्या पिढीला तपासता येतो. सर्व्हरच्या दोषनोंदींकडून आपण याहून निराळी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही, कारण आता ते पाठभेद त्या सर्व्हरवरच राहतात.

तेव्हा ज्यांचा संग्रह अशा यंत्रात आहे त्या विभागांनी तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी: पिवळा दिवा लागला आहे काय, लागला असल्यास तो कोणत्या प्रकरणाचा, आणि विझला असल्यास तो यंत्राने स्वतः ओळखून विझविला की कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याने कोणते क्रियापद वापरले. या प्रश्नांसाठी अभियंता असावे लागत नाही. शब्दांच्या अर्थाविषयी जो आग्रह आपण ग्रंथांच्या बाबतीत धरतो तोच येथे पुरेसा आहे. आमच्या त्या तीन आठवड्यांनंतर विभागातील एका सहकारी बाईंनी सर्व्हरच्या खोलीच्या दारावर एक साधी वही टांगली. तीत भागाचे नाव, तारीख, काय केले आणि कोणी केले, असे चार रकाने होते. ‘काय केले’ या रकान्यात केवळ ‘क्लिअर केले’ असे लिहिण्यास त्यांनी मनाई केली होती.